चौदा पावलं

रविवार, एकवीस डिसेंबर. मामांचं वर्षश्राद्ध. हजर — हे, मी, भोंगवलीहून नणंद सुनंदाताई आणि त्यांचे मालक, वाडीतली चार घरं, गुरुजी. पानं एकोणतीस. अंदाज तिसाचा होता. कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, म्हाताऱ्याचं मागं काही राहिलं नाही. मी तेव्हा भांडी मोजत होते.

मामा म्हणजे माझे सासरे, ह्यांचे आणि सुनंदाताईंचे आबा. खरं तर ही नोंद इथं संपायला हवी होती. माझ्या नोंदी संपतात — शेवटी एक रेघ मारते आणि पान उलटते. या वेळी रेघ मारली नाही. आता जे लिहिणार आहे ते चार वर्षांत माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. ह्यांच्याजवळ नाही, माहेरी आईजवळ नाही. घरात एकटी असतानासुद्धा मोठ्यानं म्हटलेलं नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरते आणि सांगते. मधेच थांबले तर थांबू द्या.

मी अंगणवाडी सेविका. गुंजवण्यात माझी अंगणवाडी, आणि घर वरच्या वाडीत. बावीस वर्षं झाली. हे कापूरहोळला गॅरेजवर मेकॅनिक आहेत. सकाळी सहाला गाडीवर निघतात, दिवेलागणीनंतर येतात. घर मी चालवते, आणि वहीवर चालवते. गॅस कधी लागला, शेरडांना लस कधी दिली, कुणाची सून कितव्या महिन्यात आहे, सगळं वहीत. वाडीत दोघांचं तारखेवरून वाजलं तर तिसरा म्हणतो, "कशाला भांडताय, लताच्या वहीत बघा की." मला याचा अभिमान होता. होता, म्हणजे — अजूनही आहे. तो गेला असता तर बरं झालं असतं.

रजिस्टरांचं एक सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या कामात रिकामा रकाना चालत नाही. चुकलेला चालतो, तो कुणाला दिसत नाही. रिकामा लगेच दिसतो. गृहभेटी, परिसर स्वच्छता, हात धुण्याचं प्रात्यक्षिक — राहिलेलं सगळं मी महिनाअखेर एका बैठकीत भरायची. मागच्या आकड्याच्या आसपासचा आकडा टाकायचा. सगळे सारखे टाकायचे नाहीत. एखादा कमी, एखादा जास्त, म्हणजे खरे वाटतात. पोरांच्या वजनाला मी कधी असा हात लावला नाही. तेवढं पाळलं. बाकीचं — हो, भरलं. हाताला वळण पडलं.

आता मामा.

खालची भातखाचरं धरणात गेल्यापासून मामांचा जीव शेरडांत. अठ्ठावीस शेरडं, प्रत्येकीला नाव. सत्तरी उलटल्यावरही गडाच्या अंगाला घेऊन जायचे, आणि मी डबा घेऊन मागून गेले तर माझ्याआधी चढ चढून बसलेले असायचे. "लते, अंगणवाडीतली पोरंबी तुज्यापरीस लवकर येत्याल," असं हसायचे. मग त्यांचं चालणं बिघडलं. दुखत काही नव्हतं. पाय जमिनीला कुणी धरून ठेवल्यासारखे उचलायचेच नाहीत, घासत जायचे. वळायचं म्हटलं की जागच्या जागी पाच-सहा वेळा थबकायचे. वर्षभरानं लघवीचं भान जायला लागलं. मग शेरडांची नावं. सगळे म्हणाले, वय झालं. मीही म्हणाले. दोन वर्षं मी सकाळी उठून आधी त्यांचं अंथरूण धुवायचं, मग चहा, मग स्वयंपाक, मग साडेनऊला खाली उतरायचं. दुपारी वर येऊन कपडे बदलायचे आणि परत जायचं. तक्रार केली नाही. कुणाकडे करायची?

एकदा उंबऱ्यात पडले, कपाळ फुटलं. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना चार पावलं चालायला लावलं, दोनदा बघितलं आणि पुण्याची चिठ्ठी दिली. मेंदूचा एमआरआय.

त्या दिवशी हजर — मामा, हे, सुनंदाताई, मी. मशीनमध्ये जाण्याआधी मामांच्या करदोट्यातली चांदीची पेटी काढायला लावली; ती माझ्या मुठीत होती. अर्ध्या तासानं बाहेर आले ते घामेघूम. "आत लई वाजतंय गं," म्हणाले. "जनू पत्र्यावर कुनी धोंडं मारतंय. आन हालू नगा म्हनत्यात."

मोठ्या डॉक्टरीण बाईंनी ते फोटो आम्हाला पडद्यावर दाखवले. डोकं आडवं कापून वरून बघावं तसं. मधोमध काळ्या जागा होत्या, मोठ्या, दोन्हीकडे फाकलेल्या. त्या म्हणाल्या, हे पाण्याचे कप्पे, प्रत्येकाच्या डोक्यात असतात. मेंदूभोवती पाणी फिरत असतं आणि जिरत असतं. यांचं नीट जिरत नाहीये असं वाटतं, म्हणून कप्पे फुगलेत आणि आतून मेंदूवर ताण देतायत. चालणं, लघवी, विसरणं — तिन्ही त्यामुळं असू शकतं. आणि तसं असेल तर उपाय आहे. कातडीखालून एक बारीक नळी डोक्यापासून पोटात सोडायची, जास्तीचं पाणी तिकडं जिरतं. माणूस पुन्हा चालू शकतो.

सुनंदाताई तिथंच रडायला लागल्या. ह्यांनी विचारलं, "मग करायचं कधी?"

पण बाई म्हणाल्या, थांबा. म्हातारपणी मेंदू आक्रसतो, तेव्हाही हे कप्पे मोठेच दिसतात. यांच्या फोटोत वरच्या बाजूला घड्या दाटून बसल्यात, म्हणून मला पाण्याचा संशय जास्त आहे. तरी नुसत्या फोटोवर मी या वयात डोक्याला भोक पाडणार नाही. पाठीच्या मणक्यातून सुईनं थोडं पाणी काढून बघू. काढल्यावर दोन-तीन दिवसांत चालणं सुधारलं, तर निदान पक्कं. मग नळी.

पाणी गुरुवारी काढलं. दाब मोजला तो नेहमीच्या माणसाइतकाच भरला. बाई म्हणाल्या, या आजारात असं होतं, त्यावर जाऊ नका, पायांवर लक्ष ठेवा. त्यांनी वीस फूट अंतर आखून मामांना चालवलं होतं. चौतीस पावलं, अठ्ठेचाळीस सेकंद. हेच घरी संध्याकाळी, शुक्रवारी सकाळी आणि शनिवारी सकाळी मोजायचं. व्हिडिओ काढलात तर उत्तम, म्हणाल्या. मी म्हणाले, "लिहूनच ठेवते मॅडम, मला सवय आहे." हे कौतुकानं म्हणाले, "वहीच्या बाबतीत तिचा कुनी हात धरनार नाय."

बघा — मी अजून फिरतेच आहे गोल गोल. गुरुवारचं सांगते.

गुरुवारी संध्याकाळी मी खरंच मोजलं. दारापासून शेरडांच्या वाड्याच्या मेढीच्या खांबापर्यंत टेप लावली, बरोबर वीस फूट. प्रवासानं मामा थकले होते. तेहेतीस पावलं, सत्तेचाळीस सेकंद. लिहिलं. तो एक आकडा खरा आहे.

शुक्रवारी सकाळी मोजलं नाही. फेब्रुवारी संपत आला होता. अठ्ठावीस दिवसांचा महिना, सगळी रजिस्टरं राहिलेली, दुपारी पर्यवेक्षिका मॅडम येणार. मामा झोपले होते, उठवायचं जिवावर आलं. आल्यावर मोजू म्हटलं आणि खाली उतरले. मग अंगणवाडीत गृहभेटींचं रजिस्टर भरता भरता पिशवीतून मामांचा तक्ता निघाला. शुक्रवारचा रकाना रिकामा. हातात पेन होतं. चौतीस पावलं, शेहेचाळीस सेकंद. आणि पेन उचललं नाही — शनिवारचाही रकाना भरला. तेहेतीस, अठ्ठेचाळीस. एखादा कमी, एखादा जास्त. अक्षर छान आलं होतं.

उगवायच्या दिवसाची नोंद आदल्या दिवशी. मला तेव्हा काही वाटलं का? आठवायचा फार प्रयत्न केलाय. काही वाटलं नाही.

शनिवार. हे कामावर गेलेले. मी मागल्या दारी अंथरूण धुवायला घेतलं — आणि लक्षात आलं, ते कोरडं आहे. तेवढ्यात शेरडं ओरडायला लागली. दाणा घेऊन माणूस आल्यावर ओरडतात तशी. मी घराला वळसा घालून पुढं आले. मामा वाड्याच्या मेढीला हात लावून उभे होते. काठी खाटेलाच टेकलेली. एका शेळीचं तोंड हातात धरून ते तिला म्हणत होते, "काय गं पवळे, किती वाळलीस. घालत न्हाईत व्हय तुला?"

पवळी हे नाव त्यांनी आठ महिन्यांत घेतलं नव्हतं.

मला बघून हसले आणि वळले. एकदाच वळले, थबकले नाहीत. आणि दाराकडं चालत आले. टाच आधी टेकत होती, पाय सुटा होऊन वर उचलला जात होता. मी मोजलं. मोजायचं म्हणून नाही — मला न मोजणं जमत नाही. मेढीपासून दारापर्यंत चौदा पावलं.

चौदा. हा आकडा चार वर्षांत पहिल्यांदाच कागदावर येतोय.

तुम्ही म्हणाल, मग खोडायचं. एक रेघ मारून वर चौदा लिहायचं, एवढंच. मी तक्ता पिशवीतून काढलाही होता. त्यावर शनिवारचा आकडा बसलेला. खोडला असता तर कुणी तरी विचारलं असतं, आधी काय लिहिलं होतंस आणि कधी? ते विचारतील म्हणून — एवढ्यासाठीच? की अंगातून त्राण गेलं होतं, आणि नळीचं ऑपरेशन म्हणजे पुण्यात पंधरा दिवस, आणि तिथं राहणार कोण तर मीच? की मामा चालायला लागले तर पुन्हा डोंगरावर जातील, पुन्हा पडतील, पुन्हा मी हुडकत फिरेन? खाटेवरचा माणूस निदान जागेवर सापडतो. यातलं प्रत्येक थोडं थोडं खरं असेल. मी त्यांची यादी केली होती एकदा. फाडली. कारणं किती हे मोजून काय होतं?

तक्ता घडी करून परत पिशवीत ठेवला. पण ते तेव्हाही भरून निघण्यासारखं होतं. खरं ते संध्याकाळी झालं.

हे आले. हात-पाय धुऊन खाटेजवळ बसले. मामांचा चेहरा उजळलेला. म्हणाले, "आज म्या शेरडाकडं गेल्तो. पवळी वळखती मला."

ह्यांनी हसून मान हलवली. मामा तेव्हा कधी कधी मेलेल्या माणसांना भेटून आल्याचंही सांगायचे. तरी ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "गेलते व्हय गं?"

मी कणीक मळत होते. मी म्हणाले, "कुठं? खाटेवरच होते की दिवसभर."

आवाज नेहमीचाच होता. हात थांबला नाही.

मामांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. शाळेत उत्तर चुकलेलं पोर बाईंकडं बघतं तसं बघितलं. मग म्हणाले, "आसंल."

आसंल. एका खऱ्या गोष्टीवरचा त्यांचा विश्वास मी काढून घेतला. आजारानं त्यांची आठवण खाल्ली होती, ती आजारानं खाल्ली. पण त्या दिवशीची शाबूत होती, पूर्ण शाबूत. ती मी खोटी पाडली. त्यानंतर ते असं काही सांगताना आधी माझ्याकडं बघायचे, आणि मधेच सोडून द्यायचे.

रविवारपासून पाय पुन्हा घासायला लागले. काढलेलं पाणी परत भरतं, बाई म्हणाल्याच होत्या. सोमवारी आम्ही चौघं पुन्हा पुण्याला. बाईंनी तक्ता हातात घेतला, बराच वेळ बघितला. "काहीच फरक नाही," म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. पडद्यावर पुन्हा ते फोटो लावले, पुन्हा तक्ता बघितला. मग खाली वाकून मामांनाच विचारलं, "आजोबा, मधे एखादा दिवस बरं वाटलं का चालताना?"

मामा म्हणाले, "सूनबाईला इचारा. तिच्याकडं लिवल्यालं हाय."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी तक्त्याकडं बोट दाखवलं.

तरी त्या अडून होत्या, हे सांगायला हवं. म्हणाल्या, एक चाचणी म्हणजे सगळं नव्हे. फोटो मला पाण्याचेच वाटतात. पुन्हा भरती करून तीन दिवस थोडं थोडं पाणी काढून बघता येईल. इथंच ठेवू, आम्हीच मोजू. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण करणार मी होते. मी म्हणाले, "सुईचा फार त्रास झाला हो त्यांना. उगं हाल नकोत." मामांनी सुईबद्दल एकदाही कुरकुर केली नव्हती. सुनंदाताईंनी माझा हात धरला. कागदावर बाईंनी लिहिलं, पाणी काढून सुधारणा नाही, नातेवाईक पुढील तपासणीस तयार नाहीत. खाली ह्यांची सही. निघताना बाई मला म्हणाल्या, "इतका नीट तक्ता फार कमी लोक ठेवतात."

मामा त्यानंतर तीन वर्षं जगले. सहा महिन्यांनी खाटेवरून उठणं थांबलं. शेरडं एकेक करून गेली. पवळी गेली तेव्हा मामांना कळलं की नाही, सांगता येत नाही. शेवटी बोलणं दोन-चार शब्दांवर आलं आणि मग छातीत कफ झाला. त्यांचं सगळं मी केलं. पाठीला जखम होऊ दिली नाही. दोन-दोन तासांनी कूस बदलली, त्याचाही तक्ता होता, आणि तो खरा होता. वाडीतल्या बायका नव्या सुनांना सांगतात, लतानं सासऱ्याचं केलं तसं करावं. मी ऐकते. पदर सारखा करते आणि दुसऱ्या कामाला लागते.

तेव्हाच नळी घातली असती तर ते चालले असते का? माहीत नाही. काही जणांना फार गुण येतो, काहींना थोडा, काहींना येतच नाही. मला एवढंच माहीत आहे की येणार होता की नाही, ते बघायचं मी होऊ दिलं नाही.

हे सगळं मी तसंच ठेवलं असतं. कळणार कुणाला? पण परवा पंगत उठल्यावर सुनंदाताई माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांच्या सासूबाई भोंगवलीला असतात, बहात्तरच्या. मी गेल्या दिवाळीत गेले तेव्हा स्वतः शेंगा फोडून देत होत्या. सुनंदाताई पातेलं पुसता पुसता सहज म्हणाल्या, "वैनी, आमच्या सासूबाईंचं बी आबांसारकंच चाललंय बगा. पाय उचलंना. दोनदा लुगडं भिजलं. भोरच्या डाक्टरनी डोक्याचा फोटू लिवून दिलाय."

मी हातातलं ताट खाली ठेवलं. "मग काढलात का?"

"कशाला? आबांचं समदं करून बगितलंच की आपुन. काय उपेग झाला? ह्यांना म्या सांगितलं, आमच्या वैनीनं पाऊल न् पाऊल मोजून लिवलं हुतं, कायबी फरक पडला न्हाई. उगं म्हातारीला त्या नळकांड्यात कशाला घालायचं?"

मी म्हणाले, "तरी दाखवून घ्या ताई. प्रत्येकाचं वेगळं असतं."

त्या हसल्या. "तुमीच असं म्हनता व्हय? तुमच्या वहीम्होरं डाक्टरचं काय घेऊन बसलाय!" आणि माझ्या पाठीवर थाप मारून त्या डबे भरायला उठल्या.

मला तेव्हा बोलता आलं असतं. चुलीजवळ दुसरं कुणी नव्हतं. मी डब्यांची झाकणं शोधून दिली.

आज मंगळवार. श्राद्धाची भांडी परत गेली. गुरुजींचं देणं झालं. ताडपत्री घडी करून माळ्यावर ठेवली. वहीत एक काम राहिलंय, भोंगवलीला फोन. दोनदा नंबर काढला. एकदा लागलाही. पलीकडून सुनंदाताई "हालू, वैनी?" म्हणाल्या, आणि मी त्यांना विचारलं, डबा पोचला का. पोचला, म्हणाल्या. सासूबाईंच्या फोटोची चिठ्ठी त्यांच्याकडं तशीच पडून असेल.